हमालांचा ताफा

खोकं उघडलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बुटांचं जुनं खोकं. आत वर्तमानपत्राच्या बोळ्यांत गुंडाळलेली सहा चिमुकली हमाल जहाजं, त्यातल्या एकाचा खालचा दांडा मोडलेला. बस्स. महाराणी नाही, ससाणे नाहीत, पातळ पंखांची ती टेहळणी जहाजंही नाहीत. अकरा वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून जमवलेला ताफा, आणि वेगळं होताना नवऱ्याने बायकोच्या वाट्याला काय काढून ठेवलं, तर फुकट दिलं तरी कोणी घेणार नाही असलं हे सामान. तिने फोन केला तर वर तोंड करून म्हणतो, खेळायचो मी, तू नुसती रंगवायचीस. नुसती रंगवायची म्हणे. महाराणीच्या पोटावरच्या एकेका खिडकीत तिने तीन केसांच्या ब्रशने दिवा लावला होता, पार मानेला पट्टा लागेपर्यंत. तेव्हा हा पठ्ठ्या पलंगावर पडून नियमांचं पुस्तक वाचत होता आणि चहा मागत होता.

हा खेळ म्हणजे टेबलावरचं अंतराळयुद्ध. काळ्या कापडावर बोटाएवढी, फार तर तळहाताएवढी जहाजं दांड्यावर उभी करायची आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून चालवायची. प्रत्येकाने आपल्या जहाजाची पुढची चाल एका तबकडीवर गुपचूप लावून ती पालथी ठेवायची. सगळ्यांच्या लावून झाल्या की उलटायच्या. लावलेली चाल बदलता येत नाही, आणि आधी पट्टी धरून मोजताही येत नाही, सगळा नजरेचा मामला. कच्च्या चालकाचं जहाज आधी हलतं, पक्क्याचं शेवटी. हलून झालं की प्रत्येकाला एक करामत मिळते, म्हणजे थोडं बाजूला सरकायचं, नेम पक्का करायचा किंवा अंग चोरायचं. मग फासे टाकून गोळीबार. आणि जहाजाचा एवढासा कोपरा जरी टेबलाच्या कडेबाहेर गेला, तरी ते जहाज मेलं.

हमाल हे त्यातलं सगळ्यात टाकाऊ जहाज. तसं ते लढाऊ नव्हेच, मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारं. पत्रा पातळ, वेग बेताचा, गोळीबाराला दोनच फासे, आणि चालक इतका कच्चा की सगळ्यांच्या आधी हलायची पाळी याचीच. हा बिचारा आधी जाऊन उभा राहणार, आणि मागून येणारे करामती करून त्याला आरामात उडवणार. ताफा बांधायला दोन्ही बाजूंना सारखेच गुण मिळतात. त्यात हमाल स्वस्त पडतो, म्हणून कोणी एखादा भरतीला घेतो. सहाच्या सहा घेऊन खेळायला उतरलेला माणूस आजवर कोणी पाहिला नव्हता.

खेळायची जागा म्हणजे दाताच्या डॉक्टरांची बाहेरची खोली. रविवारी सकाळी दवाखाना बंद, तेव्हा बसायच्या खुर्च्या भिंतीला सरकवून दोन टेबलं जोडायची. भिंतीवर किडलेल्या दाढेचं हे एवढं चित्र, हवेत लवंगेच्या तेलाचा वास, आणि खाली घमासान लढाई. डॉक्टर वयाने मोठे, म्हणून त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्याशिवाय दोघे जुळे भाऊ यायचे, जे एकमेकांचीच वाक्यं पुरी करायचे, आणि हे नवरा-बायको. नवऱ्याला सगळे कप्तान म्हणायचे. फरशीच्या दुकानात गिऱ्हाइकाला पटवून पटवून त्याची जीभ चांगली गुळगुळीत झाली होती. तिला म्हणायचे शिट्टी, कारण ती बस आगारात गाड्या लावून घ्यायचं काम करायची. तोंडात शिट्टी, हात वर, मागे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला येऊ द्या, येऊ द्या, बस्स. भिंत आणि बस यांच्यात वीतभर जागा ठेवून ती गाडी उभी करून घ्यायची, आणि तिच्या हाताखाली आजवर एकाही गाडीला पोचा आलेला नव्हता.

कप्तानाचं त्या खोलीत नाव होतं ते कडेच्या खेळासाठी. महाराणी एवढी थोराड, पण हा तिला टेबलाच्या अगदी कडेकडेने न्यायचा आणि ऐन कोपऱ्यात गर्रकन वळवून शत्रूच्या बगलेत घुसवायचा. जुळे तोंडात बोटं घालायचे. काय नजर आहे, काय छाती आहे. नजर कसली डोंबलाची. तबकडी लावली की तो मान वर करून तिच्याकडे बघायचा. ती शेजारी उभी असायची आणि तिच्या तोंडून आपसूक निघायचं, "कडा." की लगेच हा तबकडी एक घर फिरवायचा. नियमात ते बसत नव्हतं, पण नवरा-बायको म्हणून सगळे हसून सोडून द्यायचे. आणि कप्तान वर सगळ्यांना सांगायचा, काय करता, बायको नव्हे, वाहतूक पोलीस आहे, घरीसुद्धा शिट्टी चालूच. मला तर आता ऐकूच येत नाही, सवय झाली. मंडळी हसायची. तीही हसायची, हे आठवलं की आता तिला स्वतःचाच राग यायचा.

घरी तरी दुसरं काय होतं. गॅस चालू राहिलाय. तिकीट उद्याचं आहे, आजचं नाही. आईला फोन कर, तिचा आज डोळ्यांचा दवाखाना आहे. ही बोलायची, तो हूं की चूं करायचा नाही, पण गॅस बंद व्हायचा आणि गाडी चुकायची नाही. वेगळं व्हायची वेळ आली तेव्हा त्याची मुख्य तक्रार काय, तर ही सतत मध्ये बोलते, मला माझ्या डोक्याने जगूच देत नाही. 

तरी खोक्यापर्यंत तिने गिळलं. खरा भडका उडाला तो पुढच्या रविवारी. ती खोलीत शिरली, कप्तान आधीच आलेला, आणि डॉक्टर तिला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाले की हे बघ, तुम्हा दोघांमुळे वातावरण बिघडतं, कोणाला मोकळेपणाने खेळता येत नाही. दोघांपैकी एकानेच यावं हे बरं. कोणी यायचं ते आम्ही कसं सांगणार, आम्हाला दोघंही सारखे. तेव्हा तुम्ही एक डाव खेळा, जिंकेल त्याची खुर्ची राहील. आपापले ताफे आणा, म्हणजे कोणावर अन्याय नको. त्यांना वाटलं आपण मोठा तोडगा काढला. आपापले ताफे, म्हणजे त्याची महाराणी आणि हिचं बुटांचं खोकं. जुळे छताकडे बघत होते. आणि कप्तान, तो हसला. उदारपणे हसून म्हणाला, "तुला हवी तर महिनाभर तयारी कर, मला घाई नाही."

तिने तिथल्या तिथे हो म्हटलं. हो म्हणताना तिचा आवाज इतका कापत होता की सगळ्यांना वाटलं, ही आता रडणार. रडते कशाला. तिला त्या किडक्या दाढेच्या चित्रासकट ती खोली उचलून आपटावीशी वाटत होती. रविवारची ती एक सकाळ, आठवड्यातली तेवढीच तिची स्वतःची. घर गेलं, ताफा गेला, आता ती खुर्चीही हिने जिंकून घ्यायची, आणि तीसुद्धा हमाल घेऊन.

राहत होती ती मोठ्या बहिणीकडे. ताई शिवणकाम करायची. घराच्या पुढच्या खोलीत कापायचं लांबरुंद टेबल, त्यावर खडू, कात्र्या, रिळं आणि चिंध्यांचा पसारा. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाली की खेळण्यातल्या होड्यांसाठी एवढा जीव जाळायचा असेल तर जाळ बाई, पण त्या दळभद्र्याचं तोंड परत कशाला बघायचं? नवीन जागा शोध, नवीन माणसं शोध. ती म्हणाली, "ताई, मी का शोधायची? मी का उठायचं?"  ताईने टेबलावरचं कापड गुंडाळलं आणि टेबल मोकळं करून दिलं.

पहिले काही दिवस ती एकटीच दोन्ही बाजूंनी खेळून बघायची, पण सगळं मुसळ केरात. हमाल पुढे नेले तर मरत होते, मागे ठेवले तर कोपऱ्यात गाठून मरत होते. सगळे एका ठिकाणी जमवून गोळीबार करावा, तर शेवटी हलणारी महाराणी अंग चोरून निसटायची आणि एकेकाला टिपायची. ती ज्या जहाजाचा खेळ खेळायला बघत होती ते जहाज तिच्याकडे नव्हतंच. ससाण्याच्या चाली हमालाकडून करून घ्यायच्या म्हणजे शुद्ध वेडेपणा. तिला हमालांचा राग आला, डॉक्टरांचा आला, महाराणीच्या खिडक्यांत दिवे लावणाऱ्या स्वतःच्या बोटांचा आला.

मग एके सकाळी आगाराच्या फाटकात एक खटारा बंद पडला. भंगारात काढायची म्हणून ठेवलेली बस, ती कोणा शहाण्याने धुवायला म्हणून बाहेर काढली आणि ती बरोब्बर फाटकात आडवी होऊन बसली. आत नव्या कोऱ्या थंड हवेच्या गाड्यांची रांग. भोंगे सुरू. ड्रायव्हर उतरून हातवारे करायला लागले, आणि आगारप्रमुख तावातावाने खाली येऊन सगळं खापर तिच्यावर फोडून मोकळे झाले, जणू तिनेच ती बस तिथे आणून पेरली होती. ती ऐकत होती, संतापाने कानशिलं तापली होती, आणि बघत होती त्या खटाऱ्याकडे. काल या गाडीला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. आज सगळा आगार तिच्या तोंडाकडे बघत उभा होता. गाडीने काय केलं होतं? काही नाही. फक्त आधी येऊन वाटेत उभी राहिली होती.

आधी येऊन. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खेळात नियम होता की आपल्या चालीच्या वाटेत दुसरं जहाज आडवं आलं, तर त्याला टेकून तिथेच थांबायचं. टेकलेल्याने त्या फेरीत करामत करायची नाही, आणि टेकलेल्या दोघांनी एकमेकांवर गोळीही झाडायची नाही. म्हणजे हमाल सगळ्यांच्या आधी हलतो ही त्याची खोट नव्हतीच. महाराणीची चाल लागलेली आहे, ती बदलता येत नाही, आणि ती हलायच्या आधी हमाल तिच्या उतरायच्या जागेवर जाऊन उभा राहू शकतो. मग महाराणी त्याच्यावर आपटणार. करामत नाही, अंग चोरणं नाही, आणि बाकीचे हमाल दोन-दोन फाशांनी तिला फोडून काढणार. त्यासाठी फक्त एक गोष्ट हवी, समोरचा कुठे जाणार आहे ते आधी ठाऊक पाहिजे. आणि त्या माणसाच्या सवयी तिला पाठ नसतील तर कोणाला? आगारप्रमुख अजून बोलतच होते. तिने शिट्टी तोंडात घातली आणि खटारा ढकलायला माणसं बोलावली.

त्या दिवसापासून ताई कप्तान झाली. मोठं रीळ ही महाराणी, दोन छोटी रिळं हे ससाणे. ताईला शिलाईची घाई, त्यामुळे ती फटाफट चाली लावायची आणि वर बडबड, हे काय उडतं रीळ, याला म्हणतात का युद्ध. पण ती मन लावून खेळायची. हळूहळू जमायला लागलं. हमाल कुठे रोवायचा, कुठे दोन रोवायचे म्हणजे एक मेला तरी दुसरा उरतो, टेकलेल्या महाराणीच्या मागे कोण उभा राहील. मोठं रीळ रोज कुठेतरी अडकायला लागलं, आणि ताई खरोखरची चिडायला लागली.

फक्त एक गोष्ट जमेना. ताईने मोठं रीळ टेबलाच्या टोकाकडे न्यायची चाल लावली की हिच्या तोंडून निघायचंच, "कडा." एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा ताईने हातातली तबकडी खाली ठेवली आणि चष्म्यावरून तिच्याकडे रोखून बघितलं.

"मी तुझी शत्रू आहे ना? मग मला का सांगतेस?"

ती ओशाळली. म्हणाली, निघतं तोंडून, कामाची सवय. ताई म्हणाली, कामाची नव्हे, त्या मेल्याची. आणि सवय तोडायची असेल तर माझ्यासारख्या ओठांत टाचण्या धर. ज्या बाईच्या तोंडात टाचण्या असतात तिला कोणी बोलायला लावू शकत नाही. ताईने विनोदाने म्हटलं, पण हिने खरंच चार टाचण्या ओठांत धरल्या आणि तशी खेळली. मोठं रीळ टेबलावरून खाली पडलं, घरंगळत शिलाई मशीनच्या पायाशी गेलं, आणि ती एक अक्षर बोलली नाही. 

डावाच्या रविवारी खोली गच्च वाटत होती, होती तीच माणसं तरी. कप्तानाने फोम लावलेल्या पेटीतून महाराणी काढली. शेपटाकडचा रंग टवका उडून पांढरा पडला होता. तिने ते पाहिलं. एवढ्याशा दिवसांत टवका उडवला, आणि बुजवायचंही सुचलं नाही. तिने सहा हमाल ओळीत मांडले, मोडक्या दांड्याच्या जागी ताईची एक सुई चिकटवून. एक जुळा म्हणाला, शिट्टी, एवढे हमाल म्हणजे कोणाचं घर हलवायचंय का? दुसऱ्याने त्याला कोपर मारलं.

कप्तान ठरल्याप्रमाणे डाव्या कडेने निघाला. पाच वाटा मोकळ्या असताना कडाच. कारण ती त्याची खासियत, आणि बघायला माणसं जमलेली. ससाणे त्याने उजवीकडून सोडले, ते येऊन त्यांनी पहिला हमाल टिपलाही. तिने मेलेला हमाल उचलून खोक्यात ठेवला आणि ससाण्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. तिचे उरलेले पाचही डावीकडे सरकत होते. कप्तानाने जुळ्यांकडे बघून डोळा मारला, म्हणाला की हमाल ओझं शोधत निघालेत.

तबकड्या उलटल्या. महाराणीची चाल सरळ, लांब. पण आधी हलायचं हमालांनी. तिने एक हमाल उचलून पट्टी लावली आणि महाराणीच्या नाकासमोर, जिथे ती येऊन थांबणार होती बरोब्बर तिथे, नेऊन रोवला. दुसरा त्याच्या मागे. कप्तानाने पट्टी लावली, महाराणी अलीकडेच हमालाला टेकून थांबली. डॉक्टर म्हणाले, करामत गेली. आणि चार हमालांनी दोन-दोन फासे टाकून तिचं कवच सोलायला सुरुवात केली. कप्तान म्हणाला, नशीब. पुढच्या फेरीत तो आत वळायला गेला आणि वळणाच्या तोंडाशी पुन्हा एक हमाल. पुन्हा टेकली. जुळ्यांपैकी एक टेबलाजवळ सरकला आणि म्हणाला, आयला, ही तर हमालांनी नाकाबंदीच केली. कप्तानाचे कान लाल झाले. सगळ्या जगाने आपल्याला अडवावं, पण हमालाने? आणि हिने?

मग त्याने रागाच्या भरात महाराणी सुसाट पुढे काढली. एक हमाल गोळ्यांनी उडाला, तिचे चार उरले. पण महाराणी आता समोरच्या कडेच्या पार जवळ, आणि तिला उजवीकडे वळण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. वळणं दोन. एक तंग, जागच्या जागी फिरल्यासारखं. पण ते जिथे उतरतं तिथे एक हमाल येऊन उभा राहणार हे शेंबडं पोरही सांगेल, म्हणजे तिसऱ्यांदा आपटायचं. दुसरं मोठं, ऐसपैस वळण, हमालाला बाहेरून वळसा घालून मोकळं नेणारं. कप्तान तिसऱ्यांदा हमालावर आपटणार? तिला ठाऊक होतं. मेला तरी नाही.

आणि तिला दिसत होतं. लांब गाडी वळते तेव्हा आधी तिचं नाक बाहेर जातं, मग ती आत येते. आगारातल्या नव्या ड्रायव्हरची चूक हमखास तीच, तो चाकं बघतो, नाकाचा कोपरा बघत नाही, आणि कोपरा भिंतीला लागतो. महाराणी आत्ता उभी होती तिथून मोठं वळण घेतलं तर पुढचा डावा कोपरा कडेबाहेर जाणार होता. फार नाही, नखभर. तंग वळण घेतलं तर हमालावर आपटून वाचली असती.

कप्तानाने तबकडी लावली. लावली, पण पालथी ठेवली नाही. हातात धरून त्याने मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं.

त्याला स्वतःला ते कळलं नसावं. अकरा वर्षांची सवय, मान आपोआप वर आली. तिचे ओठ उघडू बघत होते. शब्द अगदी दातांपाशी आला होता. त्या महाराणीच्या पोटावरच्या सगळ्या खिडक्या तिच्या, त्यातले दिवे तिचे. आणि भिंत आणि गाडी यांच्या मधे उभं राहून गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिने ओठ घट्ट मिटले, टाचण्या धरल्यासारखे, आणि त्याच्याकडे सरळ बघत राहिली. तो थोडा वेळ थांबला. कसली वाट बघत होता देव जाणे. मग त्याने तबकडी तशीच पालथी ठेवली.

तबकड्या उलटल्या. हमाल आधी हलला, तंग वळणाच्या जागी जाऊन उभा राहिला. मग डॉक्टरांनी महाराणीची तबकडी बघितली. मोठं वळण. त्यांनीच पट्टी लावली, महाराणी उचलून पट्टीच्या टोकाशी ठेवली, आणि ठेवता ठेवता त्यांचा हात थबकला. पुढचा कोपरा काळ्या कापडाच्या बाहेर, लाकडावर, मग लाकडाच्याही बाहेर.

 डॉक्टरांनी घसा खाकरला आणि म्हणाले की कप्तानाच्या हातून चुकून झालेलं दिसतंय, एवढा महत्त्वाचा डाव, खेळाडूवृत्ती म्हणून ही एक चाल परत घेऊ द्यायला हरकत नसावी, काय? हे 'काय' तिला होतं. तिची मस्तकाची शीर तडतडली. तिचं घर गेलं तेव्हा खेळाडूवृत्ती कुठे गेली होती, खोकं हातात दिलं तेव्हा कुठे होती, खुर्ची जिंकून घे म्हणताना या माणसाला ती आठवली नव्हती. एवढं सगळं तोंडाशी आलं. तिने त्यातलं काही म्हटलं नाही. म्हणाली, "डॉक्टर, कोपरा बाहेर आहे. जहाज मेलं." आणि स्वतःच्या हाताने महाराणी उचलून बाजूच्या खुर्चीवर ठेवली.

कप्तान अजून तिच्याकडेच बघत होता. चिडला असता तर बरं झालं असतं. तो खरोखर चक्रावला होता, घरी आल्यावर भिंतच जागेवर नसावी तसा.

"तुला दिसत होतं ना?" तो म्हणाला. "मग बोलली का नाहीस?"

महिनाभर तिने उत्तरं पाठ करून ठेवली होती. स्वयंपाक करताना, बसमागे चालताना, रात्री कूस बदलताना. एकाहून एक जहरी. त्यातलं एकही तिच्या कामाला आलं नाही. तिच्या अंगातला सगळा संताप एका ठिकाणी गोळा झाला आणि अगदी शांत आवाजात बाहेर पडला.

"म्हणजे तुला ऐकू येत होतं."

जुळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. डॉक्टर उगाच पट्ट्या गोळा करायला लागले. कप्तानाने टेबलाकडे बघितलं. ससाणे दोन्ही धडधाकट होते, खेळला असता तर डाव अजून कुठेही गेला असता. पण तो खेळला नाही. त्याने ससाणे उचलून पेटीत घातले. महाराणी घ्यायला त्याला तिच्या बाजूच्या खुर्चीपर्यंत यावं लागलं. तिने ती हातात दिली नाही आणि हात आडही घातला नाही. शेपटाचा पांढरा टवका त्याने अंगठ्याने झाकला होता.

मग तो पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरून, मागे मागे सरकत, खांद्याने दार ढकलत बाहेर निघाला. दवाखान्याच्या दारात एक पायरी आहे, एकदम उतरती, नव्या रोग्यांना ती हटकून लागते. खोलीतल्या सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती हमालांवरची धूळ पुसत होती, खाली मान घालून.

"कप्तान, पायरी," शेवटी एक जुळा म्हणाला.

तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली, बसली, आणि दुसऱ्या जुळ्याला म्हणाली की उभा काय राहिलास, ताफा मांड.